गुडघे टेकून लिहिणारी मुले

अर्नेस्ट गेन्स यांच्या 'अ लेसन बिफोर डाइंग' या कादंबरीतील शाळा एका लहानशा चर्चमध्ये भरते. शाळेला निराळी इमारत नाही, मेजे नाहीत. रविवारी ज्या बाकांवर मुलांचे आईवडील आणि आजीआजोबा उपासनेला बसतात, त्याच बाकांपुढे सोमवारपासून मुले जमिनीवर गुडघे टेकतात आणि बाकाचेच मेज करून लिहितात. काही मुले मांडीवर पुस्तक ठेवून त्यावर कागद धरतात. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेली शाळा एप्रिलच्या मध्यावर सुटते, कारण पुढे मुलांचे हात शेतावर हवे असतात. बिगरीपासून सहावीपर्यंतच्या साऱ्या वर्गांना शिक्षक एकच.

ही कादंबरी 1993 साली प्रसिद्ध झाली. नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा त्या वर्षीचा पुरस्कार तिला मिळाला, आणि 1997 मध्ये ऑप्रा विन्फ्री यांनी आपल्या दूरचित्रवाणीवरील वाचनमंडळासाठी तिची निवड केल्यावर ती घरोघर पोहोचली. देहदंडाविषयीची कादंबरी अशी तिची ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. तरीही अलीकडे पुन्हा वाचताना आम्हांला ती मुख्यतः एका शिक्षकाची कादंबरी वाटली. शाळा टाकून पळून जावे असे ज्याला रोज वाटते, अशा शिक्षकाची.

पुनर्वाचनाला निमित्त झाले ते एका आकड्याचे. अमेरिकेच्या शिक्षणखात्याच्या 2020–21 च्या आकडेवारीप्रमाणे तेथील सरकारी शाळांत शंभर विद्यार्थ्यांपैकी सुमारे पंधरा कृष्णवर्णीय आहेत. शंभर शिक्षकांपैकी मात्र सहाच. कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक तर शंभरात दीडही भरत नाहीत. म्हणजे कित्येक मुले आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्या घरचे बोलणे समजणाऱ्या एकाही शिक्षकाची गाठ न पडता शालेय शिक्षण पुरे करतात. या उणिवेचा विषय निघाला की 'ही मंडळी आता या पेशाकडे वळतच नाहीत' असे म्हणून तो मिटवला जातो. गेन्स यांची कादंबरी 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस घडते. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत अशी उणीव नव्हती. कायद्यानेच शाळा वर्णावरून विभागलेल्या होत्या. कृष्णवर्णीय मुलापुढे कृष्णवर्णीयच शिक्षक उभा राहत असे. असे शिक्षक विपुल असलेल्या काळातील कथेत आजच्या उणिवेचे कारण शोधणे वाचकांना उफराटे वाटेल. आम्हांला मात्र ते बऱ्याच अंशी तेथेच सापडले.

कथानक थोडक्यात असे. लुइझियाना राज्यातील बेयॉन हे काल्पनिक गाव. (या राज्यात जिल्ह्याला 'पॅरिश' म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीतील धर्मग्रामांवरून पडलेले हे नाव आजही सरकारदरबारी चालते.) गावाजवळच्या उसाच्या मळ्यावर जेफरसन नावाचा एकवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण राहतो. दोघा ओळखीच्यांबरोबर तो एका दुकानात जातो. उधारीवरून बाचाबाची होते, गोळ्या सुटतात. गौरवर्णीय दुकानदार आणि ते दोघे ठार होतात. भेदरलेला जेफरसन तेवढा जिवंत सापडतो. बारा गौरवर्णीय पुरुषांचे पंच त्याला दोषी ठरवतात. त्याला वाचवण्यासाठी त्याचाच वकील असा बचाव मांडतो की, याला कट रचण्याइतकी अक्कल कोठून असणार? याला विजेच्या खुर्चीत बसवणे म्हणजे एखाद्या डुकराला बसवण्यासारखे आहे. बचाव फुकट जातो. ते शब्द मात्र जेफरसनच्या मनात घर करतात, आणि त्याची धर्ममाता मिस एमा हिच्या काळजात रुततात. मुलगा वाचणार नाही हे तिने ओळखले आहे. तिचे मागणे एवढेच की, तो खुर्चीकडे चालत जाईल तेव्हा माणूस म्हणून चालत जावा. हे काम कोणी करायचे? ती बोट दाखवते ते शाळामास्तराकडे, ग्रँट विगिन्सकडे.

ही मागणी हाच कादंबरीचा कणा आहे. मळ्यावर पाद्री आहे, रेव्हरंड अँब्रोज; आत्म्याची काळजी त्याच्याकडे. तरी 'तू माणूस आहेस' हे मरणाऱ्याला शिकवण्यासाठी मिस एमाला मास्तर हवा आहे, आणि तोही असा मास्तर ज्याची देवावरची श्रद्धा विद्यापीठात शिकायला गेल्यापासून उडालेली आहे. ग्रँटला हे काम मुळीच नको आहे. ते जमेल असे त्याला वाटत नाही, आणि कसेबसे जमले तरी त्याचा काही उपयोग होईल असेही वाटत नाही. त्याची मावशी टान्ट लू त्याला अक्षरशः ढकलत तुरुंगापर्यंत नेते. गेन्स यांनी ग्रँटला पुण्यात्मा केलेले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. ज्या दिवशी हे ओझे त्याच्यावर पडते, त्यानंतर वर्गात तो चिडखोर होतो. किड्याशी खेळणाऱ्या मुलाला तो मारतो. फळ्यावर ओळ तिरकी गेली म्हणून एका मुलीच्या हातावर पट्टी ओढतो. शिक्षकांवरील कथांत अशी प्रसंगचित्रे क्वचित असतात. तेथे शिक्षक बहुधा मेणबत्तीसारखा जळत राहतो, आणि आपण वाचक त्याच्या उजेडात सुखाने बसतो.

शाळा-अधीक्षकांच्या भेटीचे प्रकरण या कादंबरीतील सर्वोत्कृष्ट प्रकरणांपैकी आहे. वर्षातून एकदा डॉक्टर जोसेफ मोटारीने येतात. ग्रँटचे नावही त्यांच्या ध्यानात नाही. ते त्याला चुकीच्या नावाने हाका मारतात, आणि तो ती दुरुस्त करत नाही. मुलांची पुस्तके पाहण्याऐवजी ते मुलांचे हात पाहतात, दात पाहतात. ग्रँटला आठवते की, गुलामांच्या बाजारात मालक असेच दात पाहत असत आणि पुढे घोड्यांच्या व गुरांच्या बाजारातही असेच पाहिले जाई. मग ग्रँट धीर करून सांगतो की, गौरवर्णीय शाळांतून टाकून दिलेली पुस्तके आमच्याकडे येतात, त्यांची पाने गळालेली असतात, खडू पुरत नाहीत. अधीक्षकांचा सल्ला असा की, मुलांनी झाडाखालची पिकन फळे वेचावीत आणि त्या पैशांतून दात घासण्याचे ब्रश घ्यावेत. संवाद अवघ्या काही पानांचा आहे. आवाज कोणी चढवत नाही. लेखकाला संताप आलेला आहे, पण तो त्याने संपूर्णपणे तपशिलावर सोपवला आहे.

असाच दुसरा प्रसंग मळ्याच्या मालकाच्या घरचा. तुरुंगात जाण्याची परवानगी शेरीफकडून हवी, म्हणून ग्रँटला मालक हेन्री पिशो यांच्या घरी बोलावले जाते. तो मागच्या दाराने आत जातो आणि स्वयंपाकघरात दोनअडीच तास उभा राहतो. मंडळी आत जेवत असतात. अखेर भेट होते तेव्हा आपण व्याकरणशुद्ध बोलावे की त्यांना अपेक्षित असलेले अडाणी बोलावे, असा पेच त्याला पडतो. भाषा शिकवणाऱ्या माणसाला आपली भाषा लपवावी लागणे, याहून त्या पेशाची दुसरी विटंबना आम्हांला सुचत नाही. शुद्ध बोलला तर उद्धट ठरतो, अशुद्ध बोलला तर शाळेत तो काय शिकवतो?

या सगळ्यामागे मॅथ्यू अँतोन यांची सावली आहे. ते ग्रँटचे शिक्षक; याच चर्चमध्ये, याच बाकांपुढे त्यांनी त्याला शिकवले. ते मिश्रवंशीय होते. आपल्याहून काळ्या मुलांविषयी त्यांच्या मनात तुच्छता होती आणि स्वतःविषयी द्वेष. मुलांना त्यांचा उपदेश एकच: येथून पळा. ग्रँट शिकून परत येतो आणि त्यांना भेटायला जातो, तेव्हा शेगडीपाशी कुडकुडत बसलेले ते वृद्ध गृहस्थ त्याला सांगतात की, तुझ्या हातून येथे काहीही बदलणार नाही. थोड्याच काळात ते मरतात.

आमच्या मते कादंबरीचे खरे मर्म येथे आहे, आणि आजच्या चर्चेत नेमके तेच निसटते. अँतोन वर्णाने मुलांपैकीच आहेत, गावचे आहेत, वर्षानुवर्षे शिकवत आहेत. आकडेवारीत ते 'कृष्णवर्णीय शिक्षक' म्हणूनच मोजले गेले असते. तरीही त्यांनी मुलांच्या मनांत विष कालवले. का? तर ते तेथे कोंडलेले होते. त्या काळच्या दक्षिणेत शिकलेल्या कृष्णवर्णीय माणसाला पाद्री किंवा मास्तर यांपलीकडे फारसे काही होता येत नसे. शिकवणे ही अँतोन यांची निवड नव्हती, ती त्यांची कोठडी होती. ग्रँटचेही तसेच. त्याचे आईवडील कॅलिफोर्नियात आहेत. तो एकदा तिकडे जाऊन परतला आहे, आणि का परतलो हे त्याचे त्यालाच समजत नाही. मुलांपुढे आपल्यातला माणूस उभा असावा, एवढे पुरत नाही. त्याला जाता येत असावे, आणि तरीही तो राहिलेला असावा. कादंबरीच्या शेवटाकडे ग्रँट या स्थितीच्या जवळपास येतो. गेन्स त्याला पूर्णपणे तेथे पोहोचवत नाहीत.

तो जवळ येतो त्यात रेव्हरंड अँब्रोज यांच्याशी झालेल्या भांडणाचा वाटा मोठा आहे. पाद्री फारसे शिकलेले नाहीत, आणि ग्रँट त्यांना मनातून कमी लेखतो. ते मात्र त्यालाच अशिक्षित ठरवतात. तुझ्या मावशीचे गुडघे कधी पाहिलेस का, असे ते त्याला विचारतात. त्याच्यासाठी प्रार्थना करून करून त्या गुडघ्यांवर खपल्या धरल्या होत्या. त्याच्या शिक्षणासाठी ऊस तोडताना तिच्या हातांतून रक्त येत असे, आणि त्याने विचारले तर ती काहीतरी खोटे सांगून वेळ मारून नेई. हा प्रसंग वाचताना बाकांपुढे गुडघे टेकून लिहिणारी मुले आम्हांला पुन्हा दिसली. गेन्स ती जुळणी कोठेही बोलून दाखवत नाहीत.

कादंबरीत उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. त्या काळच्या अशा शाळांत शिकवणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. गेन्स यांनी मात्र शिक्षकपणाचा सगळा प्रश्न पुरुषत्वाशी बांधला आहे: जेफरसनने 'मर्द' म्हणून मरावे, ग्रँटने 'मर्द' म्हणून उभे राहावे. व्हिव्हियन ही स्वतः शिक्षिका आहे, कॅथलिक आहे, ग्रँटहून अधिक स्थिर बुद्धीची आहे. पण तिचा वर्ग आम्हांला कधीच दिसत नाही. ती दिसते ती ग्रँटला धीर देताना. आणखी एक पात्र तर बहुतेक वाचकांच्या ध्यानातही राहत नसेल. आयरिन कोल ही सहावीतील मुलगी. ग्रँट तुरुंगात किंवा गावात जातो तेव्हा लहान मुलांचे वर्ग तीच सांभाळते. एका अर्थी या शाळेचा पुढचा शिक्षक तयार होत आहे तो तिच्यात. लेखकाने तिच्याकडे थोडे अधिक पाहायला हवे होते.

दुसरी उणीव याहून मोठी. गेन्स यांच्या शाळेत पालकसभा नाही, सहशिक्षक नाहीत, अभिमान वाटावा असे काही नाही. नाताळचा कार्यक्रम तेवढा आहे, आणि तोही ग्रँटला दरवर्षीसारखाच कंटाळवाणा वाटतो. वर्णविभक्त काळातील प्रत्येक शाळा अशी नव्हती. व्हनेसा सिडल वॉकर यांनी 'देअर हायेस्ट पोटेन्शियल' या 1996 च्या ग्रंथात नॉर्थ कॅरोलायनातील कॅसवेल काउंटी ट्रेनिंग स्कूलचा इतिहास लिहिला आहे. तेथील कृष्णवर्णीय शिक्षक घरोघर जात, पालक स्वतःच्या कष्टाच्या पैशांतून शाळेच्या गरजा भागवत, आणि मुलांकडून मोठ्या अपेक्षा ठेवल्या जात. साधनांची वानवा होती, माणसांची नव्हती. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे कादंबरीचे चित्र खोटे ठरत नाही, पण ते अपुरे आहे हे कळते. सहा महिन्यांची मळ्यावरची शाळा आणि गावातली पूर्ण वर्षाची शाळा यांत अंतर होते, आणि गेन्स स्वतः पहिल्या प्रकारच्या शाळेत वाढले होते.

आता कादंबरी मिटून तिच्यापुढच्या वर्षांकडे वळू. ग्रँट खरोखर जगला असता तर ऐन उमेदीत त्याने 17 मे 1954 ची बातमी ऐकली असती. 'ब्राउन विरुद्ध शिक्षणमंडळ' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णविभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्या. वाटते की, आता कोठडीचे दार उघडले, आता या मास्तरांना चांगली इमारत, कोरी पुस्तके आणि सर्व रंगांची मुले मिळणार. झाले निराळेच. मुले एकत्र आली ती गौरवर्णीयांच्या शाळांत. कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांचे शिक्षक घरी पाठवले गेले. खटला ज्या टोपिका शहरातील होता, तेथील शाळा-अधीक्षकांनी तर निकालाच्या वर्षभर आधी, 1953 च्या वसंतातच, एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्राने कळवले होते की, पुढील वर्षासाठी तुमची नेमणूक करता येत नाही. निकाल विरुद्ध गेला तर आपल्या मुलांना निग्रो शिक्षक असावेत हे गावातील बहुसंख्यांना रुचणार नाही. मिसुरीतील मोबर्ली या गावी शाळा एकत्र झाल्या आणि अकरा कृष्णवर्णीय शिक्षकांपैकी एकालाही पुन्हा घेतले गेले नाही. ते न्यायालयात गेले आणि 1959 मध्ये अपिलात हरले. न्यायाधीशांना त्यात वर्णद्वेष दिसला नाही, गुणवत्तेची तुलना दिसली.

गुणवत्तेची ही गोष्ट मोठी विलक्षण आहे. दक्षिणेतील विद्यापीठे कृष्णवर्णीयांना पदव्युत्तर वर्गांत घेत नसत. त्यांची मागणी टाळण्यासाठी अनेक राज्ये शुल्काचे पैसे देऊन त्यांना उत्तरेकडे धाडत, आणि सुट्ट्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबियासारख्या विद्यापीठांत शिकून हे शिक्षक परतत. म्हणजे ज्यांना अपात्र म्हणून काढले, त्यांतील पुष्कळजण त्यांच्या जागी आलेल्यांहून अधिक शिकलेले होते. लेस्ली फेन्विक यांच्या 'जिम क्रोज पिंक स्लिप' या 2022 च्या ग्रंथात ही हकीकत सविस्तर आली आहे. 1971 साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे झालेल्या साक्षींचा त्यांनी मोठा उपयोग केला आहे. 1954 ते 1965 या काळात सतरा राज्यांत अडतीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, हा आकडा पूर्वीपासून सांगितला जातो. पुढची वर्षे धरून फेन्विक यांचा अंदाज एक लाखाच्या आसपास जातो. मुख्याध्यापकांची गत शिक्षकांहून वाईट झाली: काहींना साहाय्यकाचे पद मिळाले, काहींना तेही नाही. गौरवर्णीय शिक्षकांना कृष्णवर्णीय वरिष्ठ चालणार नाही, हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते.

फेन्विक यांचा ग्रंथ संशोधनाचा आहे, आणि कोठे कोठे त्यात एकच मुद्दा पुनःपुन्हा येतो. पण कादंबरीने आमच्यापुढे ठेवलेले कोडे तो सोडवतो. जे शिक्षक अगोदर कोंडलेले होते ते पुढे बाहेर फेकले गेले. 'जाता येते, तरी मी राहतो' असे म्हणण्याची संधी त्यांना मध्ये कधी मिळालीच नाही. त्यांच्या मुलामुलींनी हे डोळ्यांदेखत पाहिले. पुढे वकिली, वैद्यकी, कचेऱ्या अशी इतर दारे किलकिली झाली तेव्हा ती तिकडे गेली, तर त्यांना बोल कोणी लावावा? 'ही मंडळी या पेशाकडे वळत नाहीत' हे वाक्य अर्धेच आहे. त्याआधीचे अर्धे वाक्य असे की, त्यांच्या आईबापांना या पेशातून काढले होते.

गेन्स यांचे स्वतःचे आयुष्य या गोष्टीचाच एक भाग आहे, आणि त्यात आपल्या ख्रिस्तसभेचाही संबंध येतो. 1933 साली लुइझियानातील पॉइंट कूपी पॅरिशमधील एका मळ्यावर ते जन्मले. पहिली वर्षे मळ्यावरच्या चर्चमध्ये भरणाऱ्या शाळेत गेली. नंतरची तीन वर्षे ते न्यू रोड्स येथील संत ऑगस्टीन शाळेत शिकले. कृष्णवर्णीय मुलांसाठीची ती कॅथलिक शाळा होती. आठवीपुढे त्या भागात त्यांच्यासारख्या मुलांना शिक्षणच नव्हते. 1948 साली, पंधराव्या वर्षी, ते कॅलिफोर्नियात आईकडे गेले. पुढे लेखक म्हणून नाव झाल्यावर ते लुइझियानात परतले, लाफाएटच्या विद्यापीठात शिकवू लागले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी त्याच जुन्या मळ्याच्या जमिनीवर घर बांधले. ज्या चर्चमध्ये ते शिकले ती लहानशी इमारत त्यांनी आपल्या आवारात हलवून आणली. 2019 मध्ये त्यांचे निधन झाले.

लुइझियानात अशा शाळा उभ्या राहिल्या त्यांमागे संत कॅथरिन ड्रेक्सेल यांची मोठी पुण्याई होती. न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी 1915 साली शाळा सुरू केली. 1925 मध्ये तिला महाविद्यालयाचे रूप आले, तेच आजचे झेव्हियर विद्यापीठ. तेथे तयार झालेले कृष्णवर्णीय शिक्षक त्यांच्या पैशांतून बांधलेल्या खेड्यांतील शाळांवर जात. त्याच वेळी त्यांच्या धर्मसंघात कृष्णवर्णीय तरुणींना कित्येक दशके प्रवेश नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिली सांगताना दुसरी गाळण्याची आपली जुनी खोड आहे. शॅनन डी विल्यम्स यांच्या 'सबव्हर्सिव्ह हॅबिट्स' (2022) या ग्रंथाने ती खोड बरीच मोडून काढली. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर येथे, 1829 साली मदर मेरी लँग आणि त्यांच्या सोबतिणींनी कृष्णवर्णीय भगिनींचा ऑब्लेट संघ स्थापला तो शिकवण्यासाठीच. त्यांची संत फ्रान्सिस अकादमी अद्याप चालू आहे. असे संघ झाले याचे एक कारण धर्मोत्साह. दुसरे हे की, इतर बहुतेक संघांची दारे बंद होती. शिक्षक व्हायला निघालेल्या किती मुली त्या दारांवरून माघारी गेल्या असतील?

सिस्टर थिया बोमन यांचे उदाहरण आम्हांला या संदर्भात आठवते. मिसिसिपीतील कॅन्टन गावच्या डॉक्टर वडिलांची आणि शिक्षिका आईची ही लेक, फ्रान्सिस्कन भगिनींच्या शाळेत शिकली, त्यांच्याच संघात गेली आणि परत येऊन कॅन्टनच्याच शाळेत शिकवू लागली. ती परतली, ही साधी गोष्ट नव्हती. जून 1989 मध्ये, कर्करोगाने जर्जर झालेली असताना, चाकांच्या खुर्चीत बसून तिने अमेरिकेच्या महागुरूंपुढे भाषण केले, आणि शेवटी त्या सर्वांना उभे करून, हातात हात घालायला लावून गायला लावले. पुढील वर्षी 30 मार्चला ती गेली. महागुरूंनाही विद्यार्थी करणारी अशी शिक्षिका गेन्स यांच्या कादंबरीत असती तर ग्रँटचे काय झाले असते, अशी एक पोरकट कल्पना आमच्या मनात येऊन गेली.

येथे काही वाचक विचारतील, आणि ते रास्तही होईल, की शिक्षकाचा वर्ण पाहावाच कशाला? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जर्मन येशूसंघीयांनी शाळा काढल्याच ना? काढल्या. पण त्या मिशनच्या खेड्यांत शाळा आणि प्रार्थनास्थळ बहुधा एकाच खोलीत होते, आणि ती खोली रोज उघडणारा मास्तर आपल्यातलाच होता. फादर घोड्यावरून अधूनमधून येत. दोघांपैकी कोणाच्या तोंडून आपल्या आज्याने पहिली अक्षरे ऐकली, हे आपापल्या घरी विचारून पाहावे. अमेरिकेत याचे मोजमापही झाले आहे. 2017 साली काही अर्थशास्त्रज्ञांनी नॉर्थ कॅरोलायनातील मुलांच्या नोंदी तपासल्या. तिसरी ते पाचवी या काळात एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या, अत्यंत गरीब घरांतील कृष्णवर्णीय मुलग्यांत शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले. एक शिक्षक, एक वर्ष. त्या एका वर्षात नेमके काय घडत असेल, ते आकडा सांगू शकत नाही. तेथे पुन्हा कादंबरीकडेच यावे लागते.

जेफरसनची वही हे कादंबरीतील एक संपूर्ण प्रकरण आहे. ग्रँट त्याला वही आणि पेन्सिल देतो आणि सांगतो की, मनात येईल ते लिही. जेफरसन लिहितो. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, वाक्य कोठे संपते ते कळत नाही. फळ्यावरची ओळ तिरकी गेली म्हणून मुलीच्या हातावर पट्टी ओढणाऱ्या ग्रँटच्या हाती शेवटी ही वही येते. ज्याला न्यायालयात डुक्कर म्हटले त्याने तीत आपले भय, आपली उपकृतता, पहाटेचा उजेड यांची नोंद केली आहे. इंग्रजी गद्यात अशी पाने आम्ही फार थोडी वाचली आहेत, आणि त्यांचे भाषांतर करण्याचे धाडस आमच्याने झाले नाही.

देहदंडाचा दिवस कसा ठरतो, हेही आपल्या वाचकांनी मुद्दाम पाहावे. राज्यात कॅथलिकांचा प्रभाव आहे, म्हणून उपवासकाळात कोणाला मारायचे नाही. ईस्टर होऊ द्यायचे, मग दुसरा शुक्रवार, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान. शेरीफ हे अगदी साधेपणाने सांगतो. आपण कोणाच्या मरणाची वेळ उच्चारत आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही, आणि गेन्स त्याच्या ध्यानात आणूनही देत नाहीत.

त्या शुक्रवारी ग्रँट तुरुंगाकडे जात नाही. बारा वाजता तो मुलांना गुडघे टेकायला सांगतो, बातमी येईपर्यंत, आणि स्वतः चर्चबाहेर जाऊन उभा राहतो. प्रार्थना करणे त्याला जमत नाही. दुपारी तुरुंगातील गौरवर्णीय तरुण शिपाई पॉल मोटारीतून वही घेऊन येतो, आणि जेफरसन ताठ चालत गेला असे सांगतो. ग्रँट आत येतो. आयरिन आणि इतर मुले त्याच्याकडे पाहत असतात, आणि तो त्यांच्यासमोर रडतो. कादंबरी येथे थांबते. एप्रिल लागलेला आहे. शाळा सुटायला आता थोडेच दिवस उरले असणार, मग मुले शेतावर जातील. ऑक्टोबरच्या अखेरीस ती पुन्हा बाकांपुढे गुडघे टेकून लिहायला बसली तेव्हा फळ्यापाशी कोण उभे होते, ते गेन्स यांनी लिहिलेले नाही.